ग्लेनननं राजकारणावर बोलायलाच हवं

ग्लेनन डॉइलचा पॉडकास्ट माझ्या काही मैत्रिणींनी ऐकायचा सोडला. का, तर आधी कसं मनातलं बोलायची, आता सारखं राजकारण!

मला हे अजिबात पटत नाही. ग्लेनन मुळात अमेरिकन लेखिका. दारू, बुलिमिया (भरमसाट खाऊन मग ओकून टाकण्याचा आजार), मोडत आलेलं लग्न, सगळं तिनं पुस्तकांतून उघड मांडलं. महिला फुटबॉलपटू ॲबी वॉम्बाकच्या प्रेमात पडल्याचंही लिहिलं आणि 2021 मध्ये ॲबी आणि बहीण अमांडा यांना घेऊन 'वी कॅन डू हार्ड थिंग्ज' हा पॉडकास्ट सुरू केला.

आता बघा. ग्लेनन-ॲबीचं लग्न 2017 चं. समलिंगी विवाहाला अख्ख्या अमेरिकेत मान्यता मिळाली ती 2015 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं. 2022 मध्ये याच कोर्टानं बायकांचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, आणि न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी आपल्या वेगळ्या मतात लिहिलं की विवाहाच्या त्या निकालाचाही फेरविचार व्हावा. जिचं लग्नच नऊ न्यायमूर्तींच्या हातात आहे, तिनं 'फक्त घरचं' सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं? दलित आत्मकथनं वाचत मोठे झालेल्या आपण मराठी वाचकांनी तरी ही तक्रार करू नये. पाणवठ्यावर जे भोगलं ते काय कुणाचं खासगी दुःख होतं?

माझी काळजी वेगळी आहे. भाजी निवडताना रोज कानात असलेल्या आवाजावर आपण बहिणीइतका विश्वास टाकतो. स्वतःची गोष्ट सांगताना खरं बोललं की भागतं. स्थलांतर, कोर्ट, निवडणुका यांवर बोलायला अभ्यास लागतो, आणि तिथे तो अमांडाकडे आहे. ती वकील. ग्लेननच्या पोटात गोळा येतो तेव्हा अमांडा मुद्दा उलगडून सांगते, आणि ॲबी मध्येच ऐकणाऱ्याला पडलेला साधासा प्रश्न विचारून टाकते. राजकारणाच्या भागांत सूत्रं अमांडानंच हाती घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

आणि राजकारण ग्लेननला काल-परवा सुचलेलं नाही. 2018 मध्ये अमेरिकी सरकारनं मेक्सिकोच्या सीमेवर स्थलांतरित आईबापांपासून तोडलेल्या मुलांसाठी तिच्या 'टुगेदर रायझिंग' संस्थेनं मोठा निधी उभा केला होता. अशा मुलांच्या केसेस लढलेल्या एखाद्या वकिलाला तिनं बोलवावं, तासभर बोलू द्यावं आणि स्वतः फक्त ऐकावं. मध्ये मध्ये ॲबीचे प्रश्न असले की झालं.