खुर्च्या, सतरंज्या व चहा

गेल्या रविवारी उपासनेच्या शेवटी, अर्पणाच्या थैल्या फिरून झाल्यावर आणि आशीर्वादाच्या आधी, आमच्या सेक्रेटरींनी डिसेंबरच्या सूचना वाचल्या आणि वाचता वाचता मला क्वायरमधून काढून टाकलं.

‘काढून टाकलं’ असं अर्थातच म्हणाले नाहीत. देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) असं बोलत नाहीत. आधी आगमनकाळाचे चार रविवार झाले. मग महिला मंडळाची फराळविक्री (करंज्यांची ऑर्डर १० तारखेच्या आत), रक्तदान शिबिर, संडे स्कूलच्या मेंढपाळांसाठी घोंगड्या हव्यात, कॅरोल फेरीचा टेम्पो कुठल्या रात्री कुठल्या पेठेत, ३१ च्या रात्रीची उपासना. मग कॅरोल-संध्या. सोप्रानोत अमुक, आल्टोत तमुक, टेनरमध्ये दोघे, बेसमध्ये, म्हणजे सगळ्यांत खालच्या आवाजात, चौघे. पाचवं नाव येणार म्हणून मी चेहरा नम्र करून ठेवला होता. “आणि खुर्च्या, सतरंज्या व चहा,” सेक्रेटरी म्हणाले, आणि माझं नाव आलं. “गायनवृंदातल्या त्यांच्या १९ वर्षांच्या सेवेबद्दल मंडळी त्यांची आभारी आहे.”

टाळ्या वाजल्या. आमच्याकडे उपासनेत टाळ्या वाजवत नाहीत. बिशप आले तरी वाजवत नाहीत. त्या दिवशी वाजल्या, आणि बऱ्याच वेळ वाजल्या.

देवळाचं नाव सांगत नाही. पुण्यातलं आहे, दगडी आहे, माझ्या पणजोबांच्या आधीपासून उभं आहे, एवढं पुरे. शेवटी मला खांदा तिथलेच लोक देणार आहेत.

कारण मला ठाऊक होतं. आमचा नवा क्वायर मास्तर सव्वीस वर्षांचा आहे, पियानोच्या सगळ्या परीक्षा देऊन आलाय आणि सगळ्यांना ‘अंकल’ म्हणतो. मागच्या महिन्यात सरावानंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला होता, “अंकल, तुमचा आवाज ब्लेंड होत नाही.” मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, “म्हणजे वेगळा ऐकू येतो.” मी मूर्खासारखा खूश होऊन घरी गेलो. बायकोला सांगितलंसुद्धा. ती काही बोलली नाही, फक्त कुकरची शिट्टी मोजत राहिली.

तर, रविवारी बाहेर पडताना पायरीवर मला मावशींनी गाठलं. या मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत, सगळ्या मंडळीच्या आहेत. ऐंशी ओलांडलीय. सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, आणि आवाज म्हणजे नारोशंकराची घंटा. (ती घंटाही मुळात आमच्याकडचीच. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या हिंदू देवळांत टांगल्या. नाशिकला गोदाकाठची ती त्यांतलीच एक. तेव्हा मावशींचा आवाज हाही आमचा वारसाच म्हणायचा.)

“इकडे ये,” मावशी म्हणाल्या. “आ कर.”

“काय?”

“आ कर म्हणते ना. घसा बघू दे.”

“मावशी, घशाला काही झालेलं नाही माझ्या.”

“मग काढलं कशाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात मावशींनी मोबाईल काढला. टॉर्च लागायच्या आधी त्यावर नातवाच्या बारशाचे तीन फोटो लागले, मग कुठल्याशा प्रवचनाचा तुकडा मोठ्याने लागला, मग टॉर्च लागला. पर्समध्ये हात घालून त्यांनी आइस्क्रीमचा चपटा लाकडी चमचा शोधून काढला. “धुतलेला आहे,” म्हणाल्या. “लग्नातला आहे.” कुणाच्या, ते विचारायची सोय राहिली नाही, कारण तोवर तो माझ्या जिभेवर होता.

मी आ केलेला. देवळाच्या पायरीवर, सकाळचे सव्वादहा. दारात पाळकसाहेब एकेकाशी हस्तांदोलन करत होते आणि ती रांग बरोबर माझ्या तोंडासमोरून जात होती. लोक वाकून आत बघत होते. एका बाईंनी लेकराला उचलून दाखवलं.

“उजेडाकडे वळ. हं. आता म्हण, आऽऽ.”

“आऽऽ.”

“असा नाही. तुझा गाण्यातला.”

मी खालचा सा लावला. चमच्यासकट लावला. रांगेतून कुणीतरी “आमेन” म्हणालं.

मावशींनी चमचा काढून रुमालात गुंडाळला. टॉर्च काही बंद झाला नाही. तो तसाच पर्समध्ये गेला आणि पुढचा सगळा वेळ पर्स आतून उजळलेली राहिली, गव्हाणीच्या देखाव्यासारखी. “टॉन्सिल स्वच्छ,” त्या म्हणाल्या. “पडजीभ स्वच्छ. उजवीकडची दाढ किडलीय, दाखवून घे. दोष घशात नाही. कानात आहे.”

“कानात?”

“तुझ्या वडलांचंही हेच होतं. स्वतःचं स्वतःला ऐकू यायचं नाही. ते सुरू झाले की ऑर्गनवाले मास्तर हात थांबवून खाली वाकून बघायचे. त्यांना वाटायचं, भाता फाटला.”

“मावशी, मी १९ वर्षं गातोय!”

“हो ना रे राजा,” मावशी मायेनं म्हणाल्या. “आम्ही कधी बोललो का काही?”

माणसाला वर्तमान दुखावून जातं ते ठीक आहे. मावशींनी माझा अख्खा भूतकाळ एका वाक्यात नासवला. प्रत्येक नाताळला दुसऱ्या बाकावरून माझ्याकडे बघून मान डोलावणारी ती बाई मला दाद देत नव्हती, सहन करत होती.

मग त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. वाटलं, आता काही सांत्वन येईल. “वाईट वाटून घेऊ नकोस. आणि हे बघ, यांची खुर्ची मला पुढून दुसऱ्या रांगेत हवी. कडेला. गुडघा वळत नाही माझा.”

‘यांची खुर्ची’ समजायला आमच्या खुर्च्या समजायला हव्यात. आतली सागवानी बाकं कॅरोल-संध्येला पुरत नाहीत, म्हणून अंगणात ऐंशी घडीच्या लोखंडी खुर्च्या मांडायच्या असतात. त्या पन्नासेक वर्षांपूर्वी मंडळीतल्या लोकांनी आपापल्या मृतांच्या स्मरणार्थ दिल्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर मृताचं नाव रंगवलेलं आहे. पेंटर बाहेरचा होता. त्याने सवयीने सगळ्यांना ‘कै.’ लावलं. कमिटी खवळली: आमची माणसं कैलासात कशाला जातील? मग ‘कै.’वर रंग मारून ‘ख्रिस्तवासी’ लिहायला लावलं. ते एवढं लांब पडलं की नावाला जागा उरली नाही, आणि पाटीलबाबांचे पाटील तेवढे राहिले, बाबा पायाच्या नळीवर गेले. आता रंगही उडालाय.

तरी घरोघर आपली खुर्ची ओळखतात. कुणाची वाकल्या पायावरून, कुणाची गंजाच्या डागावरून. मावशींचे यजमान जिवंतपणी घरात कधी एका जागी बसले नाहीत, आता दर नाताळला मावशी त्यांच्यावर ठाण मांडून बसतात.

सोमवारपासून मला फोन. आमच्या सासऱ्यांना मागच्या वर्षी गटाराजवळ का ठेवलं होतं? आमच्या दोन्ही आज्या शेजारी नकोत, त्यांचं पटायचं नाही. एका गृहस्थांनी त्यांच्या वडलांची खुर्ची स्पीकरपासून लांब ठेवायला सांगितलं, वडलांना गोंगाट सोसायचा नाही. १९ वर्षं बेस गायलो, मला एक फोन आला नव्हता.

खुर्च्यांचं काम हलकं नाही, हे मी सेक्रेटरींना पुराव्यानिशी सांगितलं. कॅरोल-संध्येचा शेवट हालेलूया कोरसने आहे ना? तो ज्यातला, त्या हँडलच्या ‘मसाया’चा पहिला प्रयोग डब्लिनला १७४२ च्या एप्रिलमध्ये झाला. एप्रिलमध्ये, नाताळात नव्हे. हे मी क्वायर मास्तरलाही ऐकवलं होतं, कदाचित ब्लेंडची भानगड तिथूनच सुरू झाली असेल. त्या प्रयोगाआधी लोकांना विनंती केली होती की बायकांनी झग्याखालच्या कड्या घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत, म्हणजे जास्त माणसं मावतील. तेव्हा तिथेही कुणीतरी बिचारा खुर्च्या मोजत बसलेला असणार. आमच्याकडे तलवारी नाहीत, पण पर्सा आहेत, स्वेटर आहेत, आणि एक बायबल ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंच्या चार खुर्च्या धरण्याची पद्धत आहे. बायबल उचलून बाजूला कोण ठेवणार? सेक्रेटरी म्हणाले, “तुम्ही.”

आणि चहा. पुण्यात ख्रिस्ती माणसाने चहा देणं ही साधी गोष्ट नव्हती. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि पाठोपाठ चहा-बिस्किटं आली. श्रोत्यांत रानडे, लोकमान्य टिळक, गोखले. गोपाळराव जोशींनी नावांची यादी छापून आणली आणि गावभर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहा कुणी घेतला, कुणी नुसता कप हातात धरला, कुणी काय सबब सांगितली, याची चर्चा अजून संपलेली नाही. पण तो चहा केला कुणी, याचा उल्लेख माझ्या तरी वाचनात नाही. दूध किती लागलं, कप पुरले का, शेवटी भांडी कुणी विसळली? त्या व्याख्यानालाही बसायला काहीतरी मांडलंच असेल.

टिळकांवरून आठवलं. त्या टिळकांना चहा भोवला, आणि पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, दुसऱ्या टिळकांनी सरळ बाप्तिस्माच घेतला. रेव्हरंड नारायण वामन टिळक. भाषांतर केलेल्या गीतांच्या ढिगाऱ्यात त्यांनी ओवी-अभंगांची चाल आणली, आणि आमच्या आज्या-पणज्या येशूचं नाव टाळ-मृदंगावर घ्यायला लागल्या. यंदाच्या पत्रकात गाणी अकरा आहेत. मराठी तीन. त्यातलं एक भाषांतर. टिळकांचं एक, तेही ‘वेळ उरल्यास’. पेटी-तबला नको, कारण माईकला सोसत नाही म्हणे. भाड्याचा एलईडी पडदा मात्र येणार आहे, त्यावर बर्फ पडणार आहे. अंगणात आंब्याचं झाड, खाली सतरंजी, आणि पडद्यावर बर्फ. बर्फावर गाणारी पोरं मराठी शाळेत शिकलेल्यांची नातवंडं, आणि त्यांना ‘गव्हाणी’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. मी हे कमिटीत बोललो तेव्हा एक जण म्हणाला, “तुम्हाला क्वायरमधून काढलं म्हणून बोलताय.”

हो, म्हणून बोलतोय. मग काय झालं? पायात काटा गेल्यावरच माणूस वाटेबद्दल बोलतो.

पत्रकात माझ्या मदतीला ‘तरुण संघ’ असं लिहिलंय. तरुण संघ सगळा क्वायरमध्ये आहे. म्हणून काल, शनिवारी, संध्याकाळी पाचला मी एकटाच घंटेच्या मनोऱ्याखालच्या खोलीतून खुर्च्या काढून अंगणात धूत होतो. ऐंशीपैकी त्र्याहत्तर निघाल्या. बाराव्या खुर्चीने डाव्या हाताचं मधलं बोट बिजागरीत धरलं, नख काळंनिळं झालं. तोंडून जे निघालं ते मनोऱ्यात घुमलं. मावशींची खुर्ची ओळखू येईना. तीन खुर्च्यांवर नुसतं ‘वासी’ उरलंय. तिन्हीवर आळीपाळीने बसून बघितलं, पण मला कसं कळणार? मावशींना बसल्याबरोबर कळेल.

आत सराव चालू होता. खिडकी उघडी होती. हालेलूयात एक जागा येते, तिथे बाकी सगळे थांबतात आणि बेस एकटा आत शिरतो. गेली १९ वर्षं ती जागा आली की माझ्या छातीत काहीतरी हलतं. ते चौघे शिरले. बरोबर शिरले, सुरात शिरले, अगदी पातळ, पाणी घातलेल्या वरणासारखे. माझ्या हातात फडकं, समोर कुणाचे तरी ख्रिस्तवासी आजोबा, आणि मी त्यांची पाठ पुसता पुसता हळूच बरोबर धरलं.

चार ओळींनंतर आतला ऑर्गन थांबला. क्वायर मास्तर खिडकीत आला.

“अंकल, प्लीज,” तो म्हणाला, “आवाज आत येतोय.”

खुर्च्यांचा की माझा, ते त्याने सांगितलं नाही. मी पुढची खुर्ची उघडली, जरा जोरातच.