सिस्टर रोझेटा : रॉकवाली की भजनवाली?

"बसवली ना तिला रॉकवाल्यांच्या मानाच्या यादीत, 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये? मग अजून काय पाहिजे?" कटिंगचा शेवटचा घोट घेत दिग्याने विषय मिटवायला बघितलं, आणि तिथेच तो पेटला.

विषय होता सिस्टर रोझेटा थार्प, चर्चची भजनं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवणारी अमेरिकन कृष्णवर्णीय गायिका, आणि तिला रॉकची म्हणायचं की नाही. सुलूने मोबाइलवर जुना कृष्णधवल व्हिडिओ लावला होता. मँचेस्टरमधलं बंद पडलेलं विल्ब्रहॅम रोड स्टेशन, मे १९६४. एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर कलाकार. पावसाने सगळं भिजलेलं. पन्नाशीला टेकलेली बाई घोडागाडीतून उतरते, अंगात जाड कोट, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवते, आणि पावसाचंच निमित्त करून 'डिडन्ट इट रेन' ('पडला की नाही पाऊस?') सुरू करते. मधल्या सोलोला ती गिटारकडे बघतसुद्धा नाही.

"हे बघून कोण म्हणेल रॉक नाही?" सुलू.

"मी म्हणेन," दिग्या. तो स्वतः गिटार वाजवतो, त्यामुळे त्याचं ऐकावं लागतं. "१९६४ साली बीटल्स अमेरिका गाजवून आले होते. तेव्हा सोलो मारला यात काय सिद्ध झालं? आधीचं काहीतरी दाखव."

मुद्दा खरा होता. त्या व्हिडिओवर भाळून लोक मोठमोठी विधानं करतात, तारीख कोणी बघत नाही.

पण सुलू तयारीने आली होती. "'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे.' रेकॉर्डिंग १९४४. सॅमी प्राइसचा पियानो, खाली बास आणि ड्रम, वर हिची इलेक्ट्रिक गिटार. १९४५ साली 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. रॉकचे जनक म्हणून ज्यांची नावं घेतात, त्यातल्या एल्विसची पहिली रेकॉर्ड १९५४ची, चक बेरीची १९५५ची. कर हिशोब."

"पण ते भजन आहे गं!" इतका वेळ भज्यांत गुंतलेला बंड्या बोलला. "शब्द देवाचे, बाई चर्चची. रॉक कसलं डोंबलाचं?"

इथे मला तोंड घालावं लागलं. कारण तिचं चर्च शांत बसून ऐकायचं नव्हतंच. जन्म १९१५चा, आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट गावचा. आई मँडोलिन वाजवत धर्मप्रचार करणारी. ते ज्या पंथाचे, तिथे टाळ्या, डफ, नाचणं, अंगात येणं हीच प्रार्थना. पोर त्यातच गिटार शिकली, आईबरोबर गावोगाव फिरली. रॉकचा ठेका कुठून आला म्हणून शोधत बसतात, त्यातला बराचसा त्या बाकांवरून उठून आलाय.

आणि नुसती चर्चची राहिली असती तर भांडणच नव्हतं. १९३८ साली ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये उभी राहिली, डेका कंपनीने तिच्या रेकॉर्डी काढल्या, त्यातल्या एकीचं नावच 'रॉक मी'. त्याच वर्षी कार्नेगी हॉल हे तिथलं प्रतिष्ठेचं सभागृह. म्हणजे कीर्तनकार बाईने संध्याकाळी देवळात अभंग म्हणावा आणि रात्री तोच तमाशाच्या फडावर रंगवावा, तसं झालं. चर्चवाले खवळले. त्यात लकी मिलिंडरच्या बँडबरोबर तिने 'उंच सडपातळ बाप्या हवा' छापाचं गाणं गायलं, मग तर विचारूच नका.

"लग्नाचं सांग ना," सुलूने आठवण केली.

१९५१ साली हिने तिसरं लग्न वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये केलं, तिकीट लावून. वीसेक हजार माणूस आलं. विधी झाल्यावर नवरीने लग्नाच्या पोशाखातच गिटार घेऊन कार्यक्रम केला. स्टेडियम-शोची कल्पना मात्र नंतर भलत्याच रॉकवाल्यांच्या नावावर जमा झाली.

"बरं, मानलं," दिग्या जरा मऊ झाला. "पण मग हॉल ऑफ फेमने २०१८मध्ये दिलाच की मान."

"कुठल्या खात्यात? 'सुरुवातीचा प्रभाव'!" सुलू उसळली. "चक बेरी आणि तो दुसरा रॉक गायक लिटल रिचर्ड १९८६च्या पहिल्या तुकडीत, खुद्द कलाकार म्हणून. त्या रिचर्डला १९४७ साली त्याच्या गावी, मेकनमध्ये, स्टेजवर बोलावून गायला लावलं, वर पैसे दिले, ते हिने. पोरगा तेव्हा शाळकरी. तो घरात, आणि ही बत्तीस वर्षांनी ओटीवर! १९७३ साली फिलाडेल्फियात वारली तेव्हा थडग्यावर साधा दगडही नव्हता. तो लागायला २००८ची मदत-मैफल व्हावी लागली."

बंड्या गप्प. दिग्याकडे मात्र शेवटचं पान होतं. "चक बेरीने स्वतःची गाणी लिहिली. गाड्या, शाळा, पोरी, त्या पिढीचं सगळं जगणं. हिने बरीचशी चालत आलेली भजनंच वाजवली. फरक आहे की नाही?"

हा त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि मीही क्षणभर डगमगलो.

सुलूने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "एल्विसने कुठे लिहिली?"

"एल्विसचं वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

दिग्याने आणखी चार कटिंग सांगितले. उत्तर अजून यायचंय.