निकोला फ्लामेल अमर वगैरे झाला नाही

‘हॅरी पॉटरमधला परीस खरा होता’ या अर्थाची एक लांबलचक पोस्ट मराठी गटांमधून पुन्हा पुन्हा फिरत येते. सारांश असा: पॅरिसमधल्या निकोला फ्लामेल नावाच्या गरीब नकलनवीसाने १३८२ मध्ये पाऱ्याचं सोनं केलं, त्याची नोंद स्वतः लिहून ठेवली आणि अचाट दानधर्म केला. पुढे त्याचं थडगं उघडलं तर आत कोणीच नव्हतं. तो बायकोसह भारतात येऊन राहिला. मुळात ही विद्या आपल्याकडूनच तिकडे गेलेली, आणि आता तर सर्नच्या (जिनिव्हाजवळच्या अणुभौतिकी प्रयोगशाळेच्या) शास्त्रज्ञांनी शिशाचं सोनं करून ती खरी ठरवली आहे.

यातला फ्लामेल खरा आहे, पॅरिसही खरं आहे. बाकीचं एकेक पाहू.

आधी पैशाचं. फ्लामेल गरीब नव्हता. छपाई युरोपात यायच्या आधीच्या त्या काळात पोथ्या नकलून देणं, दस्तऐवज लिहून देणं हा बरा चालणारा धंदा होता. सां-झाक-द-ला-बूशरी या चर्चच्या भिंतीला लागून त्याचं दुकान होतं. बायको पेरनेल ही आधी दोनदा विधवा झालेली, आणि आधीच्या लग्नांतून आलेली मालमत्ता तिच्याकडे होती. जो मागे राहील त्याला दुसऱ्याचं सगळं मिळावं, असा करार नवरा-बायकोने रीतसर करून ठेवला होता. पुढे फ्लामेलने घरं घेतली, बांधली, भाड्याने दिली. १३९७ मध्ये पेरनेल वारली तेव्हा तिच्या बहिणीकडच्यांनी वारशासाठी कोर्टकचेरी केली. पाऱ्याचं सोनं करणाऱ्या माणसाशी मेहुणी भाड्याच्या घरांवरून भांडते, हे पोस्टलेखकाला खटकायला हवं होतं.

दानधर्म त्याने केला, यात शंका नाही. र्‍यू द मोंमोरांसीवरचं १४०७ मधलं त्याचं घर आजही उभं आहे आणि पॅरिसमधल्या सगळ्यात जुन्या दगडी घरांत ते मोजलं जातं. (सध्या तिथे रेस्तराँ आहे.) दर्शनी भागावर त्याच्या काळचा लेख कोरलेला आहे: इथे राहणाऱ्या कष्टकरी स्त्री-पुरुषांनी मेलेल्या पापी जिवांसाठी रोज एकेक प्रार्थना म्हणावी. म्हणजे राहायला जागा, मोबदल्यात प्रार्थना. सधन, निपुत्रिक, धर्मभीरू माणूस त्या काळात जे करायचा तेच. पोस्टमधली ‘चौदा इस्पितळं, तीन प्रार्थनामंदिरं, सात चर्चं’ ही यादी त्याच्या कागदपत्रांतली नाही. ती एका पुस्तकातली आहे, आणि सगळी गोम त्या पुस्तकातच आहे.

पोस्ट ज्याला फ्लामेलची ‘स्वतःची नोंद’ म्हणते ते पुस्तक पॅरिसला छापलं गेलं १६१२ मध्ये. फ्लामेल वारला १४१८ मध्ये. मध्ये १९४ वर्षं. मूळ लॅटिनवरून केलेलं फ्रेंच भाषांतर असं त्यावर म्हटलं आहे, पण ते मूळ लॅटिन कोणी कधी दाखवलेलं नाही. फ्लामेल किमयागार होता ही वदंता त्याआधी होती. १५६१ मध्ये छापलेलं एक पद्य त्याच्या नावावर खपवलं गेलं होतं. पण कथा म्हणून तिला हाडामांसाचं रूप दिलं ते १६१२ च्या पुस्तकाने.

आणि काय कथा! दोन फ्लोरिनना एक जुनं सोनेरी पुस्तक विकत मिळतं. पानं एकवीस, तीनदा सात, लिहिणारा अब्राहम नावाचा यहुदी. चित्रं कळतात, अर्थ लागत नाही. वर्षानुवर्षं भट्टीपुढे फुकट जातात. शेवटी नायक स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला निघतो. परतताना लेओनला त्याला कांचेस नावाचा एक ज्ञानी वैद्य भेटतो आणि पुस्तकाचं नाव ऐकताच सोबत निघतो. वाटेत थोडंफार उलगडून सांगतो आणि पॅरिस गाठायच्या आत ऑर्लेआँला मरतो. गुरू नेमका अर्ध्या रस्त्यात मरतो, ही युक्ती कुठल्याही कादंबरीकाराला ओळखू येईल. मग तारखा: १७ जानेवारी १३८२ रोजी पाऱ्याची चांदी, २५ एप्रिलला सोनं. पोस्टलेखकाला या तारखा पुरावा वाटतात. अशी नेमकी तारीख तर कुठलाही बनावट दस्त करणारा घालतोच.

हे संशय आजचे नाहीत. एत्येन विलें नावाच्या पाद्र्याने १७५८ मध्ये सां-झाक चर्चचा इतिहास लिहिला. त्यासाठी चर्चच्या दप्तरातले फ्लामेलचे करार, मृत्युपत्र, जमाखर्च त्याने तपासले. १७६१ मध्ये त्याने फ्लामेल-पेरनेलवर स्वतंत्र ग्रंथच काढला. हिशेब सरळ लागत होता: बेताची संपत्ती, भाड्याचं उत्पन्न, ठिकठिकाणी छोट्या देणग्या. सोन्याच्या भट्टीला त्यात जागा नव्हती. किमयेच्या भक्तांनी त्याच्यावर तुटून पडायचं ते पडलंच.

‘न्यूटनसुद्धा मानायचा’ असं कोणी तरी पोस्टखाली लिहितंच. न्यूटनने फ्लामेलच्या नावावरच्या या पुस्तकाची टिपणं काढली होती, हे खरं. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १६२४ मध्येच लंडनला निघालं होतं. त्यावरून पुस्तक किती वाचलं जात होतं ते कळतं, ते कोणी लिहिलं ते नाही.

आता अमरत्व. इथे पोस्टचा तोल स्वतःच्याच पुस्तकाने जातो. १६१२ च्या पुस्तकातला फ्लामेल म्हणतो की मी हे १४१३ च्या अखेरीस लिहितो आहे, माझ्या एकनिष्ठ सहचारिणीच्या निधनानंतर, आणि तिच्यासाठी मी आयुष्यभर शोक करीन. पेरनेल मेलेली आहे हे खोट्या फ्लामेललाही मान्य आहे! हॅरी पॉटरच्या १९९७ मधल्या पहिल्या पुस्तकात तो ६६५ वर्षांचा आणि ती ६५८ वर्षांची दाखवली आहे. ती कादंबरी आहे, आणि तसं ती कुठे लपवतही नाही.

खऱ्या फ्लामेलचा दगड पाहायचा असेल तर पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात आहे. म्हणजे त्याच्या थडग्याचा. वरच्या बाजूला येशू, पीटर आणि पॉल. त्यांच्या मधे सूर्य-चंद्र, ज्यांत किमयागारांना सोनं-चांदी दिसते. मग देणग्यांचा तपशील. तळाशी कुजत चाललेलं एक प्रेत, आणि त्याखाली ओळ: मातीतून आलो, मातीत परततो. हा दगड त्याने जिवंतपणीच करवून घेतला होता. अमर होण्याच्या बेतात असलेल्या माणसाने हे असलं काही कोरून घेतलं असेल, असं मानायला जरा जड जातं.

‘थडगं रिकामं निघालं’ हे कोणी, कधी, कोणासमोर पाहिलं ते पोस्टमध्ये नाही. फ्लामेलला त्या चर्चमध्येच पुरलं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९७ मध्ये, चर्च पाडलं गेलं. उरला तो फक्त मनोरा, आजचा तूर सां-झाक. थडग्याचा दगड पुढे एका वाण्याच्या दुकानात सापडला. वाणी त्यावर शिजलेला पालक चिरत असे.

भारताचा भाग मात्र मला मनापासून आवडतो, कारण तो पोस्टवाल्याने रचलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल ल्यूका हा फ्रेंच प्रवासी चौदाव्या लुईच्या हुकुमाने पूर्वेकडे हिंडत होता. तुर्कस्तानातल्या बुर्सा गावी त्याला एक उझ्बेक दरवेश (सूफी फकीर) भेटला. त्याने सांगितलं की फ्लामेल-पेरनेल मेलेच नाहीत, ते हिंदुस्थानात आहेत आणि माझे मित्र आहेत. ल्यूकाने ते प्रवासवर्णनात छापलं. तेवढाच काय तो आधार: एका परक्या गावात एका अनोळखी माणसाने केलेल्या गप्पा. आपल्याकडच्या कुठल्या बखरीत, कुठल्या दप्तरात फ्लामेल दांपत्य आल्याचं पोस्टही दाखवत नाही.

‘आपलाच परीस त्यांनी नेला’ हेही गोष्टी नीट न वाचल्यामुळे. आपल्या परिसाला लोखंड लागलं की सोनं होतं. तो कोणी बनवत नाही, तो मिळतो. परिसा भागवताची गोष्ट आठवा: परीस घरात आला, नामदेवांनी चंद्रभागेत टाकून दिला, विषय संपला. त्याने कोणी अमर झालं नाही. युरोपातला दगड (फिलॉसॉफर्स स्टोन) हा मुळात बनवायचा पदार्थ. बहुतेक वर्णनांत ती लाल भुकटी असते आणि ती तापलेल्या धातूवर टाकायची असते. तिच्याशी तुलनाच करायची तर परिसाशी नको, रसशास्त्रातल्या पाऱ्याशी करा. ‘यथा लोहे तथा देहे’ असं रसार्णव हा रसशास्त्राचा जुना संस्कृत ग्रंथ सांगतो: पारा आधी धातूवर सिद्ध करा, मग देहावर. सोनं आणि अमरत्व तिथे खरोखर एकत्र आहेत. पण युरोपकडे किमया आली ती ग्रीक-इजिप्शियन परंपरेतून, अरबी ग्रंथांमार्फत, बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरांनी. हा मार्ग कागदोपत्री दिसतो. चोरीचा आरोप करायचा तर तेवढाच ठोस कागद लागेल.

राहिलं सर्न. २०२५ मध्ये तिथल्या अॅलिस प्रयोगाने जाहीर केलेली गोष्ट खरी आहे. शिशाचे अणुकेंद्रक प्रचंड वेगाने एकमेकांच्या जवळून गेले की कधी कधी शिशाच्या ८२ प्रोटॉनपैकी तीन निघून जातात, आणि उरतं ते ७९ चं सोनं. २०१५ ते २०१८ या काळात अशी सुमारे ८,६०० कोटी केंद्रकं तयार झाली. एकूण वजन २९ पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). तीही क्षणाच्या सूक्ष्म अंशापुरतीच टिकली. यात दगड नाही, भुकटी नाही आणि कोणाचं आयुष्य वाढलेलं नाही. तोळाभर (दहा ग्रॅम) सोनं हवं असेल तर त्या चार वर्षांचं सगळं उत्पादन जवळजवळ ३४,५०० कोटी पट करावं लागेल, तेही ते जागेवर थांबलं तर.