ताप उतरला, विषाणू नव्हे

गेल्या श्रावणात माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीची सर्दी तीन दिवसांत ओसरली आणि चौथ्या दिवशी आम्ही तिला शाळेत पाठवले. त्याच आठवड्यात तिच्या पाच महिन्यांच्या भावाला धाप लागली, श्वास घेताना त्याचे पोट उडू लागले आणि सांगलीहून मिरजेला नेऊन त्याला दोन रात्री ऑक्सिजनवर ठेवावे लागले. तपासणीत आरएसव्ही हा श्वसनमार्गाला बाधणारा विषाणू निघाला.

पॅरासिटामॉलने ताप उतरतो, विषाणू जात नाही. फ्लू झालेली मोठी माणसे लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस संसर्ग पसरवू शकतात. लहान मुलांच्या शरीरातून मात्र तो विषाणू १० दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ बाहेर पडत राहू शकतो, कारण त्यांची त्या विषाणूशी बहुधा पहिली-दुसरीच गाठ असते आणि त्याला आवरणारी प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. आरएसव्ही सहसा ३ ते ८ दिवस पसरतो, पण तान्ह्या बाळांकडून तो ४ आठवड्यांपर्यंतही पसरू शकतो.

म्हणून मुलांना महिनाभर घरात कोंडावे, असे मी म्हणत नाही. साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचे अंश पीसीआर चाचणीत दोन-तीन आठवडे सापडू शकतात, पण सापडलेला प्रत्येक अंश पसरू शकणारा विषाणू नसतो, आणि मागे रेंगाळणारा खोकला म्हणजे संसर्ग चालूच आहे, असेही नाही. औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसावा आणि मूल खरोखर सुधारत असावे, ही अट मला पाळण्याजोगी वाटते. त्यानंतरही चार-पाच दिवस तान्ह्या बाळाचा पापा घेऊ देऊ नये आणि हात साबणाने धुवावेत.

मार्केट यार्डात हळदीच्या कामाला जाणाऱ्या आईचा रोज बुडतो, तिला मी दोष देणार नाही. माझा आक्षेप शाळेतल्या शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसाला आहे. आजारी मुलाला घरी ठेवणाऱ्या पालकांचे मूल बक्षीस समारंभाच्या दिवशी मंचाखाली बसते आणि तापात आलेल्याचे कौतुक होते, हे मला मनापासून चुकीचे वाटते. जूनमधील पालकसभेत हे बक्षीस बंद करण्याची लेखी विनंती मी करणार आहे आणि तिला धाकट्याच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडणार आहे.