श्वास रोखून रेटिना वाचत नाही हो

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय की रोज श्वास रोखा, ऑक्सिजन कमी झाला की रेटिना (डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा) वाचतो. अहो थांबा जरा. मूळ प्रयोग २००२ चा, झुरिकचा आणि तोही उंदरांवर, त्यांना ६ तास फक्त ६ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवलं (आपल्या हवेत २१ असतो, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये वाटत नाही ते सोडा), मग रेटिनात एरिथ्रोपोएटिन (ऑक्सिजन कमी पडला की शरीर बनवतं ते एक हार्मोन) वाढलं आणि नंतर प्रखर लाइट मारूनही प्रकाश टिपणाऱ्या पेशी वाचल्या. म्हणजे नुकसानीच्या आधीची तयारी, उपचार नाही. उलट डायबेटीसमध्ये रेटिनाला ऑक्सिजन कमी पडला की नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यातून रक्त येतं. बी विंगचे काका शुगर असून गच्चीत श्वास रोखून बसतायत, त्यांना आधी डोळे तपासायला न्या कोणीतरी.