म्हणे बिझनेस व्हिसावर आणा!

आज भर मीटिंगमध्ये प्लँट हेडने पुन्हा तेच काढलं. "मॅडम, त्या जपानी माणसाला बिझनेस व्हिसावर आणा ना. आठवड्यात काम होतं. तुम्ही एचआरवाले उगाच घोळ घालता." आणि बाकीचे सगळे माना डोलावतायत! तेव्हा डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

अहो, तो माणूस दोन वर्षं आपल्या पगारावर असणार. त्याला एम्प्लॉयी कोड मिळणार, टीडीएस कापला जाणार, रोज चाकणच्या प्लँटमध्ये टूल डिझाइनला बसणार. ही सरळसरळ नोकरी आहे. बिझनेस व्हिसा मीटिंगला, सौदा करायला, माल बघायला येणाऱ्यांचा. त्यावर एकदा आणला की इथे बसल्याबसल्या तो एम्प्लॉयमेंट व्हिसा करून मिळत नाही, जपानला परत जाऊन नव्याने अर्ज करावा लागतो. २००९ मध्ये बिझनेस व्हिसावर प्रकल्पांवर राबणाऱ्या चिनी कामगारांना सरकारने परत जायला लावलं होतं, हे कुणाला आठवत नाही का? काही बोललं की एकच उत्तर, "सगळे करतात हो." करत असतील! पण सरकारला द्यायच्या अंडरटेकिंगवर, म्हणजे हमीपत्रावर, सही माझी असते. या माणसाच्या वागण्याची जबाबदारी कंपनीची, वेळ पडली तर त्याला परत पाठवायची जबाबदारीही कंपनीची, आणि त्या कागदाला माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडलेली. प्लँट हेडची नाही.

बजेटचं तर विचारूच नका. मंजूर केलेत १४ लाख. एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला किमान १६.२५ लाख पगार लागतो, हे मी ऑफर लेटर निघण्याआधी मेलवर लिहिलं होतं. वाचलं कुणी? आता फायनान्सवाल्याने तोडगा काढलाय, "तो जपानी बोलतो ना? मग दुभाषी दाखवा." दुभाष्यांना, इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणाऱ्यांना आणि आपापल्या देशाचं जेवण करणाऱ्या कुकना ही अट नाही, एवढं बरोबर शोधून काढलं याने. मेकॅनिकलची डिग्री जोडायची आणि अर्जात दुभाषी लिहायचं? याला खोटं बोलणं म्हणतात. पीएफवरूनही हाच माणूस भांडतो. परदेशी कामगाराला महिना १५,००० पगाराची मर्यादा लागत नाही, पूर्ण पगारावर कापावा लागतो. जपानशी सामाजिक सुरक्षेचा करार २०१६ पासून लागू आहे, पण सूट मिळते ती तिकडच्या कंपनीने इकडे पाठवलेल्याला, तेही तिकडच्या योजनेत आहे असं प्रमाणपत्र, सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, आणलं तर. आपण याला थेट नेमतोय. कितीदा सांगायचं?

मागच्या वेळच्या कोरियन इंजिनिअरचा घरमालक अजून डोळ्यांसमोरून जात नाही. डिपॉझिट घ्यायला हा गृहस्थ अर्ध्या तासात हजर. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांत त्याची माहिती देणारा सी फॉर्म ऑनलाइन भरायचा असायचा तेव्हा, तो भरा म्हटल्यावर, "ताई, मी पोलिसांच्या भानगडीत पडत नाही." लाइट बिलाची कॉपी मागितली तर, "ती कशाला?" तिकडे १८० दिवसांपेक्षा जास्तीचा व्हिसा असला की १४ दिवसांत नोंदणी करायची, ते दिवस पळतायत. शेवटी रविवारी मी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी विचारत विचारत फॉर्म भरला. तेवढ्या वेळात तो टीव्हीवर मॅच बघत होता.

आणि आता ते पत्र. ज्या कामाला भारतीय माणूस मिळतो त्याला हा व्हिसा देत नाहीत, मग याच्यातच असं काय आहे हे कंपनीने लिहून द्यायचं. ते मी कुठून लिहू? मला डायमधलं, म्हणजे धातूच्या साच्यांमधलं, काय कळतं? डिझाइन हेडकडे मागून मागून थकले. काल त्याने एक ओळ पाठवली, "ही इज व्हेरी एक्सपिरियन्स्ड." कोणते डाय, कोणतं मटेरियल, आपल्या पोरांना नेमकं काय जमत नाही, एक अक्षर नाही. यावर अर्ज फेटाळला गेला की पुन्हा मीटिंग, पुन्हा "एचआरमुळे उशीर झाला".

मी सांगून टाकलंय. ते पत्र नीट लिहून आल्याशिवाय मी एकाही कागदावर सही करणार नाही. आणि बिझनेस व्हिसावरच आणायचं असेल तर तसं मेलवर द्या, स्वतःच्या नावाने.