एकही मत न पडलेली अध्यक्ष

आमचा कट्टा म्हणजे सोसायटीच्या गेटाबाहेर, इस्त्रीवाल्याच्या टपरीशेजारचा सिमेंटचा ओटा. रविवारी सोसायटीच्या कमिटीच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि सोमवारी संध्याकाळी ओट्यावर बसायला जागा नव्हती.

नाना तापलेले. "84 फ्लॅट. काकांना 61 मतं. सगळ्यात जास्त! आणि अध्यक्ष कोण? जिला एकही मत पडलेलं नाही ती."

हे खरंच होतं. शंभरपर्यंत सभासद असले की कमिटी 11 जणांची. 6 सर्वसाधारण, 2 महिला, उरलेल्या 3 जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी. सर्वसाधारणच्या 6 जागांना 9 फॉर्म आले म्हणून तिथे मतदान झालं. महिलांच्या 2 जागांना दोनच फॉर्म, बिनविरोध. राखीव तिनातली एक भरली, तीही बिनविरोध. म्हणजे नऊ जणांची कमिटी. नऊ जण क्लबहाउसमध्ये बसले, चहा झाला आणि महिलांच्या जागेवर बिनविरोध आलेल्या सी विंगच्या ताई पाच विरुद्ध चार मतांनी अध्यक्ष झाल्या.

"पण कायद्यातच तसं आहे ना," बंड्या म्हणाला. "सभासद कमिटी निवडतात, आणि अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार कमिटी आपल्यातून निवडते."

"मग कायदा चुकीचा आहे. अध्यक्ष थेट निवडा. सरपंच नाही का निवडत?"

इथे सुऱ्या सरसावून बसला. त्याचं गाव साताऱ्याकडचं, त्यामुळे सरपंच म्हटलं की त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. "नाना, थेट सरपंच 2017 ला आणला, 2020 ला काढला, 2022 ला परत आणला. का माहितीय? सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्य दुसऱ्या पॅनेलचे निघाले की गाडं अडतं. सरपंच म्हणतो गटार करू, सदस्य म्हणतात नाही करायचं. काकांना थेट अध्यक्ष केलं असतं तरी कमिटीत पाच जण विरोधातच होते. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती कोण मंजूर करणार होतं?"

"पण लोकांचा कौल?"

"लोकांनी काकांना कमिटीवर घाला असं सांगितलं. ते बसलेत की कमिटीवर."

खरं सांगायचं तर मला दोघांचंही अर्धंच पटत होतं. काकांना 61 मतं का पडली? गणपतीत वर्गणी गोळा करतात, लिफ्टमध्ये प्रत्येकाशी बोलतात. ताई कुणाशी फारशा बोलत नाहीत. पण गेल्या वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवालाचं पान उघडून सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांची, एफडी कुठे आहे, हे विचारणारी तीच एक बाई होती. तेव्हा आम्ही सगळे समोशाच्या रांगेत होतो.

नानांनी मग अमेरिका काढली. ते मार्चमध्ये कॅलिफोर्नियाहून आलेत, सहा महिने मुलाकडे होते. तिथे घरमालकांची संघटना असते, तिला एचओए म्हणतात. "तिकडे काय शिस्त! मतपत्रिका एका पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात. बाहेरच्यावर नाव, पत्ता, सही. आतल्यावर काही नाही. मोजणी सगळ्यांसमोर, आणि मोजणारा वेगळा निरीक्षक."

"आणि अध्यक्ष कोण निवडतं?" बंड्याने विचारलं.

नाना घुटमळले. "बोर्ड."

"म्हणजे आपल्यासारखंच की!"

"हो, पण पाकिटं..."

हशा पिकला. पाकिटांचं मला मनापासून आवडलं. आमच्याकडे मतपेटी म्हणून बुटांचा खोका होता. पण शिस्तीच्या त्या देशातही लोक मत द्यायला येत नाहीत, हेही नानांनीच सांगितलं. संचालकांच्या निवडणुकीची सभा कोरमअभावी, म्हणजे पुरेशी हजेरी नाही म्हणून, तहकूब झाली, तर पुन्हा भरणाऱ्या सभेला 20 टक्के सभासदांवर भागवता येईल, असा बदल तिथे 2024 पासून करावा लागला. आमच्या सर्वसाधारण सभेची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहेच: कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग तीच पंधरा माणसं, तीच सतरंजी.

सुऱ्याच्या मेव्हण्याची पुण्यातली बिल्डिंग सोसायटी नाही, 1970 च्या कायद्याखालचं अपार्टमेंट आहे. तिथे मताचं वजन फ्लॅटच्या हिश्श्याच्या टक्क्यांवर. "म्हणजे पेंटहाउसवाला जड," तो म्हणाला. यावर वाद वाढला असता, पण कटिंग आली.

मला वाटतं, आम्ही भांडत होतो तेच चुकीच्या खुर्चीवरून. अध्यक्ष सभेत मधोमध बसतो आणि पंधरा ऑगस्टला दोरी ओढतो. नोटीस कुणाची? सेक्रेटरीची. इतिवृत्त कोण लिहितो? सेक्रेटरी. थकबाकीदारांची यादी कोण करतो? तोच. आणि थकबाकीदाराला निवडणूक लढवता येत नाही, तेव्हा बिल नेमकं कुणाला कधी पोचलं ही सगळ्यात मोलाची नोंद त्याच्याच कपाटात. आमचा सेक्रेटरी या वेळीही तोच आहे. नऊच्या नऊ मतांनी. त्याच्याबद्दल कट्ट्यावर कुणी ब्रसुद्धा काढला नाही.

"ते काही नाही," नाना उठत म्हणाले. "अविश्वास ठराव आणा."

"नऊ जणांत दोन तृतीयांश म्हणजे सहा लागतात. तुमच्या बाजूला चार," बंड्या म्हणाला. मग जरा थांबून, हळूच, "आणि नाना, तुम्ही मत कुणाला दिलं होतं?"

नाना गप्प. फ्लॅट मुलाच्या नावावर, मुलगा तिकडे. सोसायटीत प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने मत, चालत नाही, मुखत्यारपत्र दाखवूनही मत देता येत नाही. मुलाची लेखी संमती आणा, सहयोगी सभासद करून घेऊ, मग त्याच्या जागी तुम्ही मत द्या, असं त्यांना कितीदा सांगून झालंय. रविवारी नाना मतदान केंद्राबाहेर खुर्ची टाकून दिवसभर लोकांना काकांचं नाव सांगत बसले होते. बोटाला शाई मात्र नाही.

"मागवतो आजच," ते पुटपुटले. "तिकडे आत्ता सकाळ असेल. फॉर्म कुठे मिळतो त्याचा?"

"सोसायटीच्या ऑफिसात."

"मग चल, बघू."

"आत्ता बंद असेल. किल्ली सेक्रेटरीकडे."